परसातली दुर्गंधी अळंबी : पावसाळाभरच्या नोंदी

जागा कोल्हापूर. बंगल्याच्या तीन बाजूंनी मिळून पाऊण गुंठ्याची बाग, जमीन काळी. एप्रिलमध्ये वखारीतून लाकडाच्या ढलप्या आणि भुसा आणला. पोत्याला ४० रुपये, टेम्पोचं भाडं वेगळं. भावाच्या शेतातलं उसाचं पाचट फुकटात आलं. पूर्वेच्या वाफ्यात खाली ढलप्या आणि वर पाचट, असं चार बोटं जाडीचं आच्छादन घातलं. मागच्या भिंतीलगत केळी आणि कढीपत्त्याखाली तसंच. दक्षिणेला मोगऱ्यापर्यंत पोचेतो ढलप्या संपल्या, म्हणून तिथे नुसतं पाचट. उन्हाळा छान गेला, पाणी निम्म्यावर आलं. पुढचं सगळं पाऊस सुरू झाल्यावरचं.

२८ जून

झोपायच्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे. सकाळी ती उघडली आणि लगेच लावून घेतली. सासूबाई म्हणाल्या, "घूस मेली असणार कुठंतरी." बागेत येणारे मामा वास घेऊन म्हणाले, "ताई, कायतरी मेलंय बघा, पण ह्या अंगाला न्हाई, तिकडं." मग तिकडे शोधलं, तर वास पुन्हा इकडे. पाण्याच्या मोटारीची पेटी, पायऱ्यांखालची जागा, कुंड्यांमागचा कोपरा, सगळं हलवून झालं. काही नाही. संध्याकाळी वास आपोआप कमी झाला, त्यामुळे विषय तिथेच राहिला.

३० जून

सकाळी पुन्हा तोच प्रकार. प्लंबरला बोलावून ड्रेनेजचं चेंबर उघडलं. चेंबर स्वच्छ, ५०० रुपये खर्च. दुसरा संशय सुरणावर होता. सुरणाच्या फुलालाही असाच कुजक्या मांसाचा वास येतो आणि मागे दोन कांदे लावलेले आहेत. पण सुरण फुलतो तो पाऊस लागायच्या आसपास, पानं येण्याआधी. आमच्या सुरणांची पानं केव्हाच वर आलीत. म्हणजे तोही नाही.

१ जुलै

सापडलं, आणि तेही माश्यांमुळे. जास्वंदीच्या बुडाशी हिरव्या-निळ्या चकाकत्या माश्यांचं मोहोळ उठलं होतं. पाचट बाजूला केलं तर खाली वीतभराच्या आतली, केशरी-लाल, पोकळ दांडी. टोकाला निमुळती टोपी आणि तिच्यावर शेवाळी-तपकिरी चिकट लेप. माश्या त्या लेपावर तुटून पडलेल्या. बुडाशी पांढऱ्या कातडीची फाटकी पिशवी. शेजारी तसलीच आणखी दोन, एक मान टाकलेली.

शेजारच्या काकू कुंपणावरून बघत होत्या. आकार बघून आधी गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, हे झाकून टाक बाई, पोरं येतात खेळायला." त्यांचं बरोबर होतं. या कुळातल्या अळंब्यांचा आकार सगळीकडेच लोकांना अवघड जागी नेतो. चार्ल्स डार्विनची मुलगी हेन्रिएटा तर रानातून वासावर माग काढत याच कुळातली अळंबी गोळा करायची आणि घरी आणून, दार लावून जाळायची. घरातल्या मोलकरणींच्या मनावर वाईट परिणाम होऊ नये म्हणून! काकूंना हे सांगितल्यावर त्या हसल्या, पण झाक म्हणायचं काही सोडलं नाही.

२ जुलै

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला फोटो पाठवले. पहिल्यांदा वरून काढलेले पाठवले होते, त्यावर तिचं उत्तर आलं, "यावरून काहीही सांगता येणार नाही." तिने मागितलं ते असं: बुडातल्या पिशवीसकट उपटलेली अख्खी अळंबी, शेजारी नाणं किंवा पट्टी, टोपीचा जवळून फोटो आणि न उघडलेलं अंडं, म्हणजे अळंबी उगवण्याआधीचा गोळा, मिळालं तर ते उभं कापून.

अंडं शोधायला वेळ लागला नाही. पाचटाखाली मळकट पांढरे, मोठ्या बोराएवढे मऊ गोळे होते. कापल्यावर बाहेर कातडी, आत पारदर्शक जेलीचा थर, त्याच्या आत शेवाळी रंगाचा पट्टा आणि मधोमध दाबून बसवलेली दांडी. हा काप महत्त्वाचा आहे. विषारी अमॅनिटा अळंबीही कोवळेपणी अशीच गोल पांढरी दिसते, पण ती कापली तर जेली नसते, आत लहानशा छत्रीची आणि तिच्या पापुद्र्यांची आकृती दिसते.

तिचं उत्तर: फॅलस रुबिकंडस. दांडी लाल आणि टोपी दांडीपासून सुटी आहे म्हणून. म्युटिनस नावाची जवळची जातही तांबूस असते, पण तिला वेगळी टोपी नसते, लेप थेट दांडीच्या टोकालाच असतो. ही अळंबी मेलेल्या लाकडावर आणि काडीकचऱ्यावर जगते, जिवंत झाडांना काही करत नाही. लाकडी आच्छादनाबरोबर ती जगात बऱ्याच ठिकाणी पोचली आहे. म्हणजे आमच्याकडे पोत्यांतून आली.

"झाडांना काही करत नाही, मग राहू दे की," असं ती म्हणाली. ती सांगलीला राहते, तिला बोलायला काय जातंय.

५ जुलै

कृषी सेवा केंद्रातून कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक आणलं, ३८० रुपये. लिटरला तीन ग्रॅम या मापाने पूर्वेच्या अख्ख्या वाफ्यात ओतलं. दुकानदार त्याच्याबरोबर ट्रायकोडर्माही देत होता. ती स्वतःच बुरशी आहे, बुरशी मारायच्या औषधासोबत ती घालण्यात अर्थ वाटला नाही, म्हणून नाही घेतली.

९ जुलै

त्याच वाफ्यात नवी अंडी. ओतलेल्या औषधाने पाचट निळसर झालंय, त्यातून वर आलेली अळंबी मात्र ताजी टवटवीत. बुरशीचं खरं अंग लाकडाच्या आत पसरलेलं असतं. आपल्याला दिसतं ते फक्त बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, पसरवायला आलेलं फळ. वरून ओतलेलं औषध आच्छादनाच्या पहिल्या दोन बोटांतच अडकतं आणि लाकडाच्या आत शिरत नाही. शिवाय तांबं मातीत साठून राहतं आणि गांडुळांना मारतं. उरलेली पुडी बांधून ठेवली. द्राक्षवाल्या भाच्याला देणार आहे.

१३ जुलै

एक अंडं वरून ताणल्यासारखं दिसत होतं, म्हणून पहाटे खुर्ची टाकून बसले. शेजारी मोजपट्टी रोवली आणि फोन एका विटेवर टेकवून ठेवला. साडेपाचला कातडी फाटली. आठच्या आत बारा सेंटिमीटर उंच! एवढ्या वेगाने वाढायला ती नव्याने काही घडवत नसते. दांडी अंड्यात आधीच पूर्ण तयार, पण चेपलेली असते. पाणी शोषून ती फक्त उलगडते. म्हणून आदल्या रात्री पाऊस पडला की सकाळी हमखास उगवते.

वासाचा हिशोब मात्र आज नीट लागला. कातडी फाटताना वास नव्हता. टोपी उघडी पडल्यावर सुरू झाला. ऊन लागल्यावर, नऊच्या सुमाराला, माश्या आल्या. दुपारी एकपर्यंत त्यांनी लेप चाटूनपुसून संपवला, खालची टोपी उघडी पडली आणि वास जवळपास गेला. दांडीला नाक लावून पाहिलं, तिला फारसा वास नाही. संध्याकाळी दांडी आडवी झाली.

म्हणजे सगळा वास त्या लेपात आहे. मैत्रीण म्हणते, त्यात गंधकाची तीच संयुगं असतात जी कुजणाऱ्या मांसातून येतात. माश्या फसतात, लेप खातात आणि त्यातले बीजाणू न पचता त्यांच्या विष्ठेतून दुसरीकडे पडतात. आमच्या सासूबाईंना घूस मेल्यासारखं वाटलं त्यात त्यांची काही चूक नव्हती.

१७ जुलै, आषाढी

चुना. कुणीतरी खात्रीने सांगितलं म्हणून १० किलो भुकटी (१५० रुपये) पूर्वेच्या वाफ्यात भुरभुरली. करायच्या आधी मैत्रिणीला विचारलं नाही, कारण ती काय म्हणेल ते माहीत होतं.

२७ जुलै

धो धो पाऊस, पंचगंगा पात्राबाहेर. आठवडाभर बागेत पाऊल टाकलं नाही. त्या आठवड्यात खिडकीखाली एकाच वेळी डझनभर उगवल्या असाव्यात. खोलीत उदबत्ती लावली तर दोन्ही वास मिळून आणखी वाईट.

चुन्याचा परिणाम अळंबीवर शून्य, जास्वंदीवर मात्र दिसला. नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. काळी जमीन मुळात चुनखडीची, त्यात आणखी चुना पडला की झाडाला लोह मिळत नाही. फेरस सल्फेटची फवारणी करावी लागली. (नंतरची भर: जास्वंद पुन्हा हिरवी व्हायला ऑगस्ट संपला.)

३ ऑगस्ट

उघडीप. आज औषधं बाजूला ठेवून नुसतं खोदून बघितलं, आणि हे पहिल्याच आठवड्यात करण्यासारखं होतं. अंड्याच्या बुडाला पांढरी दोरी असते, जाड सुतळीएवढी. ती न तोडता बोटांनी माती सारत माग काढला. पुढे तिला फाटे फुटले आणि प्रत्येक फाटा एकेका ढलपीत शिरला. ती ढलपी हातात दाबली तर भुसभुशीत झालेली, आत पांढरे तंतू. सात-आठ दोऱ्यांचा असा माग काढला. सगळ्या ढलप्यांकडेच गेल्या, पाचटाकडे एकही नाही. दक्षिणेच्या पट्ट्यात, जिथे नुसतं पाचट आहे, तिथे आजवर एकही अळंबी आलेली नाही.

म्हणजे औषधाचा प्रश्नच नव्हता. तिचं खाणं मी पोत्यांनी आणून घातलंय, ते असेपर्यंत ती येणार. आता निर्णय एवढाच की कुठलं खाणं उचलायचं आणि कुठलं राहू द्यायचं.

१० ऑगस्ट

खिडकीखालचा आणि दारालगतचा पट्टा मोकळा केला. मामा आणि त्यांचा मुलगा, अर्धा दिवस, ८०० रुपये. वरचं पाचट बाजूला ठेवलं, खालच्या ढलप्या काळी माती लागेपर्यंत दाताळ्याने ओढून पोत्यांत भरल्या. भुसा पूर्ण निघत नाही. जेवढा निघाला तेवढा काढला. दोऱ्या तुटून मातीत राहिल्या, पण लाकूड नसेल तर त्या किती दिवस तग धरणार.

सगळीच बाग साफ करायचा विचार होता, मामांनी थांबवलं. "ताई, आत्ता माती उघडी पडली तर पावसानं धुऊन जाईल, निस्ता चिखल हुईल." दुपारच्या सरीने ते लगेच खरं करून दाखवलं. मोकळ्या पट्ट्यात चिखलाचे शिंतोडे वांग्यांच्या पानांपर्यंत उडाले. बाजूला ठेवलेलं पाचट लगेच परत पसरलं. मागच्या भिंतीकडच्या ढलप्या तशाच ठेवल्या. तिथून घराला वास येत नाही आणि केळीला ते आच्छादन मानवलंय.

काढलेली पोती कुठे टाकायची हा प्रश्न होता. कंपोस्टच्या हौदात नको, कारण तो स्वयंपाकघराच्या मागे आहे. भावाने ट्रॅक्टरमधून बांधावर नेऊन टाकली.

१२ ऑगस्ट

उरलेल्या वाफ्यातली अंडी उगवायच्या आधीच वेचायला सुरुवात. खुरप्याच्या टोकाने उचकटली की दोरीसकट निघतात. पन्नासेक निघाली. घमेल्यात घालून मागच्या दाराशी ठेवली आणि विसरून गेले.

१३ ऑगस्ट

घमेल्यातल्या अंड्यांपैकी बरीच रात्रीत उघडली. मातीशी संबंध तुटला तरी आतला ओलावा त्यांना पुरतो. स्वयंपाकघराच्या दाराशी लाल दांड्यांचं घमेलं, माश्यांसकट. ह्यांनी चहा न पिताच गाडी काढली.

आता पद्धत अशी: अंडं उचकटलं की तिथेच खुरप्याने उभं दोन तुकडे करायचे. तुकडे झाले की दांडी उलगडत नाही. मग प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून त्याच दिवशी ओल्या कचऱ्याच्या गाडीत. अंड्यातला लेप तयार झालेला असतो, म्हणून कंपोस्टमध्ये नाही.

१८ ऑगस्ट

रोजचा क्रम बसला. चहाआधी टॉर्च घेऊन एक फेरी. अंडी दिसली तर वर लिहिल्याप्रमाणे. उगवलेली दिसली तर पिशवी हातावर उलटी चढवून टोपी चिमटीत धरायची, मोडायची, पिशवी तशीच सुलटी करून गाठ. दांडी राहिली तरी चालते. हे माश्या यायच्या आत, म्हणजे आठच्या आधी व्हायला हवं. माश्यांनंतर केलं तर वास कमी होतो, पण बीजाणू केव्हाच गेलेले असतात. पाइपने पाणी मारून लेप धुऊन टाकायचाही मोह होतो. वास लगेच जातो, पण लेप वाफाभर पसरतो. दोनदा केलं, आता बंद.

हातमोजे ६० रुपयांचे. लेप हाताला लागला तर काही होत नाही, साबणाने जातो, फक्त वास जेवणापर्यंत साथ देतो. काकूंच्या नातवाने हात लावला होता, त्याचे हात धुऊन दिले. कुत्रं असेल तर लक्ष ठेवावं लागतं. कुत्र्यांना अंडी उकरून खायची सवय असते आणि मग उलट्या होतात.

मामांनी विचारलं, "खात्यात का ही?" नाही. याच कुळातली जाळीचा झगा घातल्यासारखी दिसणारी एक अळंबी पश्चिम घाटातही उगवते. चीनमध्ये तिची शेती होते आणि टोपी काढून, वाळवून ती सूपमध्ये घालतात. पण ती वेगळी, ही वेगळी. आणि अळंबी ओळखून खाणाऱ्या माणसांची ओळख लहानपणापासूनची असते, फोटोवरून झालेली नसते.

५ सप्टेंबर

खिडकीखालच्या साफ केलेल्या पट्ट्यात महिनाभरात जेमतेम तीन-चार आल्या, त्याही जिथे भुशाचे खिसे राहिले होते तिथेच. खणून पाहिलं आणि मूठभर भुसा काढून टाकला. मागे भिंतीकडे मात्र जोरात आहेत. तिकडे मी फक्त दर दोन दिवसांनी टोप्या मोडते.

१० सप्टेंबर, गौरी आवाहन

गणपती निर्धास्त गेले होते, आज दारात पाहुणे आणि वास. तुळशीवृंदावनाच्या मागच्या कुंडीतून. एप्रिलमध्ये उरलेला भुसा मीच त्या कुंडीत रिकामा केला होता, हे सकाळच्या फेरीत लक्षातच नव्हतं. नणंद म्हणाली, "वहिनी, उंदीर मेलाय का गं?" कुंडी उचलून गच्चीवर नेली. सांगायचं एवढंच की फेरी मारताना कुंड्याही बघा.

२९ सप्टेंबर

पाऊस ओसरला. अंडी दिसतात पण फुगत नाहीत, कातडी सुरकुतून तिथेच वाळतात. सकाळची फेरी आता एक दिवसाआड.

२० ऑक्टोबर

लसूण लावायला मागचा वाफा उकरला. एप्रिलमधल्या ढलप्या ओळखू येत नाहीत. खालच्या थराची काळी, भुगा झालेली माती झालीय, वरच्या थरात अजून तुकडे आहेत पण बोटाने मोडतात. गांडुळं भरपूर. पूर्वेच्या वाफ्यात, जिथे तांब्याचं औषध ओतलं होतं, तिथे कमी. केळीला या वर्षी कधी नव्हे एवढे फुटवे आहेत. लाकूड फोडायचं काम या अळंबीने केलंय, हे मान्य करावं लागेल.

वखारवाला परवा पुन्हा विचारत होता. सांगून ठेवलंय, पोती घेईन पण एप्रिलमध्ये नाही, जूनच्या तोंडावर. ती बांधावर ढीग घालून एक पावसाळा तिथेच कुजवायची, पुढच्या वर्षी बागेत आणायची. घरालगत फक्त पाचट आणि सुका पाला. मागच्या भिंतीकडे जे आहे ते तसंच राहील. काकूंनी कुंपणाला त्या बाजूने घोसाळ्याचा वेल चढवलाय, त्यामुळे त्यांना काही दिसत नाही आणि आम्हाला घोसाळी मिळतात.